पानाखालचे दाणे

कमळूबाबाने पारखलेली जागा कधी फसली नाही, असं शहापुरापासून मुरबाडपर्यंत लोक सांगत. कोणाला घर बांधायचं असलं, गुरांचा गोठा हलवायचा असला, की त्याला बोलावणं जायचं. तो आला की लोक बसायला घोंगडी टाकत. तो घोंगडीवर बसत नसे. जमिनीवर बसे, आणि बसण्याआधी तळहाताने जमीन चाचपून बघे. तापलेल्या मुलाचं कपाळ बघतात तसं.

त्याची रीत साधी होती. संध्याकाळी जागेच्या मधोमध हातभर जमीन शेणाने सारवायची. तिच्यावर तांदळाचे दाणे जोडीजोडीने मांडायचे, एकाला एक टेकलेले. वर पळसाचं पान उपडं घालायचं आणि कडेला खडे ठेवायचे. सकाळी पान उचलायचं. दाणे टेकलेले राहिले तर जागा माणसाला मानवेल. सुटे झाले, मुंग्यांनी नेले, तर तिथे घर बांधायचं नाही. ही रीत त्याने काढलेली नव्हती. डोंगरातल्या वाड्यांवर सगळेच करत. पण कमळूबाबाने मांडले तर लोकांना भरवसा वाटे.

हे लिहायला बसले ते नातीमुळे. ती कल्याणला कॉलेजात जाते. परवा सांगत होती, "आजी, या विश्वाचे जे नियम आहेत त्यात जरासा फरक असता ना, तर तारे पेटले नसते, पाणी झालं नसतं, आणि आपण नसतो. सगळं आपल्याला मानवेल असंच कसं निघालं? यावर मोठमोठी माणसं भांडतात."

"काय म्हणतात?"

"कोणी म्हणतं देवाने मुद्दाम केलं. कोणी म्हणतं, न मानवणारी विश्वंही पुष्कळ असतील. तिथे विचारायला कोणी नाही, एवढंच."

मी म्हटलं, "हे भांडण मी शाळेत असताना ऐकलंय."

ती हसली. माझी शाळा चौथीपर्यंतची, हे तिला ठाऊक आहे. हसली तर हसू दे.

कमळूबाबा आमच्या वाडीच्या टोकाला एका खोपटात राहायचा. आमची वाडी किन्हवलीच्या बाजूला, ओढ्याच्या काठी होती. तो मूळचा आमच्यातला नव्हे. टोकावड्याच्या पुढून, घाटाच्या पायथ्याकडून आला होता, एकटाच. मी जन्मायच्या आधी आला. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, लावणीला, घरं शाकारायला तो लोकांकडे जाई आणि त्यावर पोट भरी. भगत नव्हता. त्याच्या अंगात काही येत नसे, तो कोणाला अंगारा देत नसे. उंच होता आणि पाठीत वाकलेला होता, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे असा बघायचा, जणू हा माणूस मध्येच नाहीसा होईल.

त्याच्या काही खोडी सगळ्यांना ठाऊक होत्या. कुठल्याही वाडीत शिरण्याआधी तो लांब उभा राहून हाक मारी, "हाय का कोन?" आतून ओ आल्याशिवाय पाऊल टाकत नसे. दिवसाढवळ्या, समोर कोंबड्या चरताहेत, कुत्रं भुंकतंय, तरी हाक मारणार. माझा चुलता थट्टेखोर होता. तो एकदा कुडाआडून ओरडला, "कोन नाय रे!" कमळूबाबा तिथेच वाटेत मटकन बसला. चुलता हसत बाहेर आला आणि त्याचं तोंड बघून गप्प झाला. पुन्हा त्याने ती थट्टा केली नाही, दुसऱ्या कोणाला करू दिली नाही.

संध्याकाळी तो शेताच्या बांधावर उभा राहून आसपासच्या वाड्यांचा धूर बघायचा. एखाद्या वाडीवर चुली पेटलेल्या दिसल्या नाहीत, तर काठी घेऊन तिकडे चालायला लागायचा. एकदा असाच गेला आणि पुटपुटत परत आला. आईने विचारलं, "काय झाला भावजी?"

"सगळी लग्नाला गेलीत. एक म्हातारी ठेवली राखनीला, ती बी झोपलेली. सांगून जायाला काय होतं?"

"तुमाला सांगून? तुमी काय पाटील हाव?"

"धूर तरी करून जायाचा," तो म्हणाला. आई पुढे कितीतरी दिवस हे सांगून हसायची.

तिसरी खोड आईला लागायची. ज्या घराची जागा त्याने पारखली, त्या घरात तो पाण्याचा घोटही घेत नसे. लोक म्हणत, असा नेम असेल. नेम वगैरे काही नव्हता.

आमची शाळा देवळाच्या पडवीत भरे. मास्तर शहापूरचे. वाडीतच राहत आणि रविवारी घरी जात. पावसाच्या आधी पडवी शाकारायचं काम कमळूबाबाकडे असे. त्या दिवशी तो वर गवत बांधत होता आणि खाली मास्तर आम्हाला भूगोल शिकवत होते.

"सूर्य याहून जवळ असता तर काय झालं असतं?"

"जळालो असतो!" आम्ही ओरडलो.

"आणि लांब असता तर?"

"गारठलो असतो!"

"मग तो असा बेताने कोणासाठी ठेवलाय?"

"आपल्यासाठी!"

वरून गवताचा चुरा पडला आणि मागोमाग आवाज आला. "मास्तर, एक इचारू?"

"विचारा."

"जिथं सूर्य जवळ हाय, तिथं शाळा हाय का?"

"कशी असेल? तिथे माणूस जगणारच नाही."

"मंग तिथल्या पोरांना कोन शिकवतो, की बाबांनो तुमची जागा चुकली?"

"तिथे पोरंच नाहीत, कमळू."

"तेच मी बोलतो. जिथं मानवला तिथं शाळा झाली. जिथं नाय मानवला तिथला कोन बोलतच नाय. मंग तुमाला जिथून तिथून बरोबरच ऐकू येनार."

पोरं हसली. मास्तर तापट नव्हते. म्हणाले, "आधी गवत घट्ट बांधा. नाहीतर ही शाळाही बोलायची नाही." कमळूबाबा वरून हसला. त्याला मोठ्याने हसताना मी तेवढंच ऐकलं.

पण मास्तर विसरणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी आले ते पाटी-पुस्तक बाजूला ठेवून वरच बघायला लागले.

"कमळू, तुमचं कालचं म्हणणं खरं आहे. पण ते अर्धं आहे."

"बोला."

"समजा एक डोंगर खचला. खाली वाडी होती, ती सगळी गेली. पाळण्यातलं एक पोर तेवढं राहिलं. ते मोठं झाल्यावर विचारतं, मीच का राहिलो? तुम्ही त्याला काय सांगाल? राहिला नसतास तर विचारलं नसतंस, असंच ना?"

वर गवताची सरसर चालू होती.

"ते खोटं नाही," मास्तर म्हणाले. त्यांना आता रंग चढला होता. "राहिला म्हणून विचारतोय, कबूल. पण का राहिला, ते तसंच उरलं की नाही?"

गवताची सरसर थांबली होती. कमळूबाबा शिडीवरून उतरला. कोयता शिडीच्या पायरीला अडकवला आणि आमच्याकडे न बघता चालू लागला. मास्तरांनी हाक मारली, तो वळला नाही. अर्धी पडवी उघडीच राहिली.

संध्याकाळी मास्तर आमच्या घरी बाला, माझ्या बापाला, भेटायला आले. "माझं काय चुकलं?"

बाने सांगितलं ते मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. कमळूबाबाची वाडी होती, खैराची वाडी. पहिली लढाई संपत आली तेव्हा तापाची साथ आली होती. आमच्याकडे तिला मानमोडी म्हणत. धडधाकट माणूस सकाळी तापायचं आणि मान टाकायचं. त्या सगळ्या वाडीत कमळूबाबा एकटा उठला. बायको, भाऊ, शेजारी, कोणी नाही. तापातून उठून त्याने घराघरापुढे जाऊन हाका मारल्या होत्या. "हाय का कोन?"

मास्तर टोपी हातात घेऊनच उठले. मग म्हणाले, "चला माझ्याबरोबर." बा निघाला, मी मागे गेले. कमळूबाबा खोपटाच्या दारात बसला होता. मास्तरांनी हात जोडले. "मला ठाऊक नव्हतं हो."

"बसा मास्तर. तुमी बरोबर बोललात."

"नाही, मी उगाच..."

"बरोबर बोललात. लोक मला सांगतात, देवानं राखला तुला. म्हंजी बाकीच्यांना देवानं टाकला? ते काय वाईट होते? कोन सांगतो नशीब. कोन सांगतो इचार करू नको. मी माझ्या मनाला काय सांगायचो, की बाबा, मेला असतास तर इचारला नसतास, गप बस. तेच मी तुमाला काल बोललो. तुमी पयलेच मानूस, जो बोलला की ते तसंच उरतं."

मास्तरांना उत्तर आलं नाही. मला वाटतं, उत्तर आलं नाही म्हणूनच कमळूबाबाला ते आवडले. "पडवी उद्या पुरी करतो," तो म्हणाला. आणि केली.

एक गोष्ट मात्र त्याने त्या दिवशीही सांगितली नाही. ती दोनेक वर्षांनी कळली.

आमचा ओढा दर पावसाळ्यात काठ खात होता. त्या वर्षी चुलत्याच्या घराची मागची भिंत ओढ्यात गेली. पाऊस सरल्यावर वाडी वरच्या माळावर हलवायची ठरली. साहजिकच कमळूबाबाला सांगितलं. तो नको म्हणाला. बाने पुन्हा विचारलं, तो पुन्हा नको म्हणाला. शेवटी ठकीआजी, जी वाडीत सगळ्यांत म्हातारी होती, त्याच्या दारात जाऊन बसली. म्हणाली, "दुसऱ्यांची घरं बसवतोस नि आमाला नाय बोलतोस? आमच्या हातचा खाल्लंस ना रे?" तेव्हा तो उठला.

सकाळी सगळी वाडी माळावर जमली. बायकांनी नारळ आणला होता. कमळूबाबाने पान उचललं. दाणे टेकलेले होते, एकही जोडी हललेली नव्हती. पोरं ओरडायला लागली. चुलता नारळ फोडायला वाकला.

"थांब," कमळूबाबा म्हणाला. "खैराच्या वाडीलापन असेच निघाले होते."

चुलत्याचा हात तसाच राहिला. बाने विचारलं, "तिथली जागा कोनी बघितली?"

"मीच. माझी ती पयलीच. बायको पोटुशी होती. दाने असे टेकलेले, जसे शिवलेले."

"मेल्या, शुभ बोल जरा!" ठकीआजी ओरडली.

"म्हातारे, शुभच निघाला होता तेव्हापन."

लहान पोरं आयांना चिकटली. बाने विचारलं, "मग आता आमी काय करायचा?"

"घरं बांधा."

"आनी हे दाने?"

"शिजवून खा."

"मग मांडलेस कशाला रे?"

"तुमी बोलावलात म्हनून."

बा खाली बसला. त्याने ते दाणे जवळून बघितले. मग उठला, पहार घेतली आणि पहिल्या खांबाचा खड्डा स्वतः खणायला लागला. "कुठंतरी राहायला तर पायजेच," एवढंच म्हणाला.

वाडी बसली. अजून आहे. आता तिथे पक्की घरं आहेत. आणि लोक काय सांगतात? कमळूबाबाने पारखलेली जागा, बघा कशी मानवली. तो त्या सकाळी काय बोलला ते कोणी सांगत नाही. मी सांगितलं तर म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला. खैराच्या वाडीचा कोणी असता, तर त्याने दुसरं सांगितलं असतं. पण कोणी नव्हता. जो होता त्याच्या तोंडून लोकांना तेवढं सोडून बाकी सगळं ऐकायचं होतं.

नव्या घरात आईने त्याला जेवायला बोलावलं. तो अंगणाच्या बाहेर उभा राहिला. आई तांब्या घेऊन बाहेर गेली.

"घोटभर घ्या. आमच्या पान्यात काय विख हाय?"

"वयनी, नको."

"का पन?"

"मी पारखली, मी प्यालो, मी झोपलो. खैराच्या वाडीत असंच झाला होता. तुमची पोरं हायेत घरात."

आईने तांब्या परत आणला. त्यानंतर तिने त्याच्या खोडीवर कधी तोंडसुख घेतलं नाही. भाकरी मात्र ती रोज त्याच्या खोपटात पाठवायची. तिथे तो खायचा.

मग माझं लग्न झालं. मुरबाडच्या बाजूला दिलं. दुसरी लढाई चालू होती, आणि तांदूळ आम्हा पिकवणाऱ्यांनाही जपून वापरावा लागत होता. माहेरी जाणं वर्षातून एखाद्या वेळी. एकदा गेले तर खोपट रिकामं. आई म्हणाली, "गेला. बोलला, घरी जातो. मी इचारला, कुठल्या घरी? तर हसला."

त्यानंतर मी त्याला एकदाच बघितलं.

नवऱ्याबरोबर बैलगाडीने टोकावड्याकडे नणंदेला भेटायला चालले होते. भात कापून झालं होतं, सकाळचं ऊन कोवळं होतं. रस्त्याच्या वर, डोंगराच्या कुशीत माळ दिसला. त्यावर घरांचे चौथरे, नुसते मातीचे उंचवटे, आणि मधे एक म्हातारा उकिडवा बसलेला. वाकलेली पाठ मी ओळखली. नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. "हीच खैराची वाडी," तो म्हणाला. त्याच्या बाजूचे लोक तिकडे गुरंही नेत नसत.

मी खालूनच हाक मारली, "हाय का कोन?"

त्याने झटकन मान वर केली. "हाय! हाय गो!" आणि मग, "कोन, हिरू?"

जवळ गेले. त्याच्यापुढे सारवलेली हातभर जमीन होती आणि वर पळसाचं पान, कडेला खडे. पान अजून उचललेलं नव्हतं.

"हे काय मांडलंत, बाबा?"

"काल सांजंला मांडलंय. उजाडल्यापासून बसलोय. हात जात नाय."

"का?"

"दाने इसकटले असले, तर तेव्हा मला दिसला नाय. मीच चुकलो नि मीच सगळ्यांना इथं आनला. नि दाने टेकलेले असले, तर या दान्यांना काय कळत नाय. मंग इतकी घरं मी लोकांची उगाच बसवली." तो माझ्याकडे वळला. "तू उचल. तू शाळेत गेलीस."

शाळेत गेलेल्या माणसाने पान उचलल्याने काय फरक पडणार होता? पण ते मी बोलले नाही. माझा नवरा बैलांपाशी होता, तो तिथून ओरडला, "हात लावू नको गो!" मी खडे बाजूला केले आणि पान उचललं.

"काय हाय?" त्याने डोळे मिटले होते.

"टेकलेले आहेत."

"नीट बघ."

"नीटच बघते. सगळ्या जोड्या टेकलेल्या आहेत."

त्याने जमिनीवर हात ठेवला, पूर्वी ठेवायचा तसा.

"म्हंजी जागेनं काय नाय केला."

"नाय."

"मीपन नाय केला."

"नाय. ताप होता तो. मोठमोठी गावं धुऊन नेली त्यानं."

"मंग मी का उरलो गो?"

"मला काय ठाऊक?" मी म्हटलं. गोड बोलणं मला जमत नाही. "मास्तरांना आलं नाही, मला कुठून येणार?"

त्याने डोळे उघडले. मला वाटलं रडेल. तर त्याने ते दाणे एकेक करून उचलले, तळहातावर घेतले, जवळच्या पंच्यात बांधलेल्या तांदळात टाकले आणि सगळा तांदूळ धुवायला नेला. चौथऱ्याच्या आडोशाला तीन दगडांची चूल होती, ती मला आधी दिसली नव्हती. त्याने जाळ केला. मडकं ठेवलं. धूर सरळ वर गेला.

"जेवून जा," म्हणाला. "तुजा नवरा भितो का?"

"भितो."

"त्याला सांग, इथं कोन नाय. मीच हाय."

नवरा आला, पण उभाच राहिला. भात झाल्यावर कमळूबाबाने पळसाची पानं मांडली आणि वाढलं. नुसता भात आणि मीठ. मग तो स्वतः त्याच्या जुन्या घराच्या चौथऱ्यावर चढला, उंबरा होता तिथे पाऊल उचलून टाकलं, आत बसला आणि आमच्यासमोर जेवायला लागला. आधी घटाघटा पाणी प्यायला. स्वतः पारखलेल्या जागेवर त्याला खाताना-पिताना मी तेवढंच बघितलं. मीही जेवले. नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि हात धुतले.

"उद्यापासून धूर बघत जा," निघताना कमळूबाबाने मला सांगितलं. "रस्त्यावरून दिसतो."

"मी उद्या इथे नसणार."

"कोनतरी असेल रस्त्याला."

गाडी चालू झाली. वळणावर मी मागे बघितलं. आमची पानं त्याने गोळा करून बाजूला ठेवली होती. पण माळावर अजून पानं होती. एकेका चौथऱ्यापुढे एकेक, लांबपर्यंत. मडकं काखेत घेऊन तो वाकून प्रत्येकावर थोडा थोडा भात वाढत होता. पुढच्या घराशी जाण्याआधी दर वेळी थांबून, मान वर करून, काहीतरी विचारत होता.

काय विचारत होता ते लांबून ऐकू आलं नाही. नवऱ्याने बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.